होम थिएटर जोडताच टीव्हीवर पट्टे : दोष तारांच्या मार्गात, अर्थिंगची पिन काढणे धोक्याचे

नाचियारकोविल (तमिळनाडू) : टीव्हीला होम थिएटर जोडले आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागले, स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येऊ लागला, की सहसा नव्या यंत्रालाच दोष दिला जातो. प्रत्यक्षात टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर ही तिन्ही उपकरणे अनेकदा सुस्थितीत असतात. बिघाड त्यांना जोडणाऱ्या तारांच्या मार्गात असतो. हे पट्टे घालवण्यासाठी तीन पिनी प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय मात्र जीवघेणा ठरू शकतो.

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ वसलेले नाचियारकोविल भौगोलिक मानांकन लाभलेल्या पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. तमिळनाडूत लहान गावांपर्यंत टीव्ही पोहोचण्यास सरकारी योजनांचा मोठा हातभार लागला. राज्य सरकारने २००६ मध्ये १४ इंची रंगीत टीव्हींचे मोफत वाटप सुरू केले, तर २०११ मध्ये सरकारी ‘अरसु केबल’ सेवा दरमहा ७० रुपयांत उपलब्ध झाली. खांबावरून घरात येणारी केबल अशा रीतीने सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. या केबलच्या जोडीला घरात होम थिएटर आले, की पट्ट्यांचा प्रश्न उद्भवू शकतो.

केबलच्या आतील तारेभोवती धातूचे जाळीदार आवरण असते आणि ते घराबाहेर कोठेतरी जमिनीशी जोडलेले असते. अ‍ॅम्प्लिफायर किंवा वूफर तीन पिनी प्लगमार्फत घराच्या अर्थिंगशी जोडलेला असतो. या दोन ठिकाणच्या विद्युत पातळीत किंचित फरक असतो. दोन्ही बाजू तारेने जोडल्या गेल्या, की त्या फरकामुळे आवरणातून क्षीण प्रवाह वाहू लागतो आणि तो चित्र व ध्वनीच्या संकेतांत मिसळतो. तंत्रज्ञ याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

पट्ट्यांच्या संख्येवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची असून तिची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत पडदाही सेकंदाला ५० वेळा आखला जातो. त्यामुळे ग्राउंड लूप असल्यास साधारणपणे एकच रुंद पट्टा दिसतो. विजेची वारंवारता नेमकी ५० राहत नसल्याने तो हळूहळू वर किंवा खाली सरकतो. दोन पट्टे दिसल्यास एखाद्या उपकरणाच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर निकामी झाल्याची शक्यता अधिक असते.

दोष शोधण्याची पद्धत सोपी आहे. सर्व उपकरणे बंद करून सेट टॉप बॉक्सला येणारी केबल काढावी. मग उपकरणे पुन्हा सुरू करून बॉक्सचा मेनू पडद्यावर आणावा. पट्टे व घुमणारा आवाज नाहीसा झाला, तर प्रवाह केबलमार्गे येत आहे. तो कायम राहिला, तर एकेक जोडणी सोडवत पुढे जावे.

केबलमध्ये दोष आढळल्यास ऑपरेटरकडून तिचे अर्थिंग तपासून घ्यावे किंवा केबलच्या मार्गात ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घेतल्यानेही फरक पडतो. ध्वनीसाठी ऑप्टिकल केबल वापरल्यास संकेत प्रकाशाच्या रूपाने जातो आणि त्या जोडणीतून प्रवाहाला वाटच उरत नाही.

अर्थिंगची पिन काढल्यानेही पट्टे जातात. म्हणूनच हा उपाय मोहात पाडतो. प्लगमधील ही पितळी पिन मुद्दाम लांब आणि जाड ठेवलेली असते, जेणेकरून ती सर्वांत आधी जुळावी व सर्वांत शेवटी सुटावी. उपकरणात बिघाड होऊन विजेची तार धातूच्या पेटीला टेकली, तर प्रवाह या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी वीज तोडतो. पिन नसल्यास पेटीत २३० व्होल्टचा दाब तसाच राहतो. तो जोडतारांमधून टीव्हीपर्यंत आणि केबलच्या आवरणातून खांबावर काम करणाऱ्या कामगाराच्या हातापर्यंत पोहोचू शकतो. केबलच्या टोकाला हात लागताच झटका किंवा झिणझिण्या जाणवल्यास स्वतः दुरुस्ती न करता इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

एचडीएमआय जोडणीत चित्र अंकरूपात जात असल्याने असे सरकते पट्टे सहसा दिसत नाहीत. तेथे पांढरे ठिपके चमकत असतील किंवा पडदा क्षणभर काळा होत असेल, तर केबल फार लांब किंवा कमी क्षमतेची आहे असे समजावे. फोर-के चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत क्षमता लागू शकते. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील, तर येणारा संकेतच क्षीण असतो. अशा वेळी सैल किंवा गंजलेली जोडणी प्रथम तपासावी.

त्यामुळे नवे उपकरण परत करण्यापूर्वी पडद्यावर पट्टे, ठिपके की चौकोन दिसतात हे पाहावे. दोष कोणताही असो, तो दूर करण्यासाठी अर्थिंग तोडण्याची गरज कधीच नसते.