मधुमेही सोबती

मधुमेह हा वृद्धांचा व गोडखाऊंचा रोग, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु मुलांस जडणारा मधुमेह बहुधा निराळा असतो. त्यांत शरीराची रक्षकशक्तीच चुकून स्वादुपिंडांतील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करिते. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. पेढे खाल्ल्यानेंही तो झालेला नसतो. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें लिओनार्ड थॉम्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोंचण्यांत आलें. तत्पूर्वीं असलीं मुलें फार काळ जगत नसत. आतां तीं आपल्याबरोबर शिकतात, खो-खो खेळतात. मात्र इन्सुलिन रोज घ्यावें लागतें.

इन्सुलिनाच्या मानानें खाणें कमी पडलें किंवा खेळ अधिक झाला, म्हणजे रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. हात कांपतात, दरदरून घाम सुटतो, मुलगा चिडतो, भलतेंच बोलतो. विचारशक्तीही मंदावत असल्यामुळें आपल्याला काय होत आहे हें पुष्कळदां त्याचें त्यालाच उमगत नाहीं. आईबाप भोसरीस किंवा चाकणास पाळीवर गेलेले. जवळ असतो तो बाकावरचा सोबती.

पण अजाण सोबती घातही करितो. पूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत असतां एका मधुमेही मुलानें तासांत गुळाचा खडा काढिला. "अरे, तुला गोड वर्ज्य ना?" म्हणून शेजाऱ्यानें प्रेमानेंच तो हिसकावून घेतला, आणि आम्हीं, सांगावयास लाज वाटते, खाणाऱ्यासच बाकावर उभें केलें. थोड्याच वेळांत तो कोसळला. गूळ हेंच त्या वेळचें त्याचें औषध होतें! डॉक्टर लवकर आले म्हणून निभावलें.

अशा वेळीं चहाचे तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटें थांबावें, बरें न वाटल्यास पुन्हा द्यावी; मग पोळी-भाकरी. चॉकलेट नको, त्यांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत सावकाश मिसळते. त्यास एकटें कोठेंही पाठवूं नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींही न घालतां कुशीवर निजवावें व १०८ क्रमांकास फोन करावा.

हें सर्व वर्गांत जाहीर करावें असें नाहीं. ह्या वयांत वेगळेपण फार बोंचतें. कोणत्या मित्रांस सांगावयाचें, तें त्या मुलासच ठरवूं द्यावें. दोघे-तिघे पुरेत. पालकांनीं मात्र वर्गशिक्षकांस अवश्य कळवावें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालीं मधुमेही विद्यार्थ्यांस साखरेच्या गोळ्या, फळें व पाणी परीक्षागृहांत नेण्याची मुभा दिली. आमच्या वर्गांत तर त्याच्या आधींच, गूळ हिसकावणारा तो मुलगा स्वतःच्या दप्तरांत साखरेची पुडी बाळगूं लागला होता.