भातामागचा वाल

पनवेलकडील लहान खातेदाराचें घर दोन पिकांवर चालत आलें: पावसाळीं भात, आणि कापणीनंतर त्याच खाचरांतील ओलीवर येणारा वाल. वालास निराळें पाणी लागत नाहीं. शिवाय त्याच्या मुळांवरील गांठी जमिनीस नत्र देतात.

सन १९७० पासून नव्या मुंबईकरितां ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवें संपादनाखालीं आलीं. पुढें कारकुनींत सातबारे तपासतांना भाताच्या जागीं ‘पड’ हा शब्द आम्हीं वारंवार वाचला. वालाची नोंद तर पुष्कळदां नसेच. घरींच खाल्लेलें पीक दप्तरास कोठून दिसणार!

ज्यांची वीस-तीस गुंठे जमीन उरली आहे त्यांनीं सौद्यापूर्वीं वर्षाचा तांदूळ विकत घेण्याचा हिशेब मांडावा, आणि तो घरच्या बाईस विचारून मांडावा. कणगींत किती उरलें हें रोज तीच पाहते.