शायलॉक लोभी होता काय?

इंग्रजीच्या शिक्षकांनीं एखाद्या पात्राचें स्वभावचित्र घरून लिहून आणावयास सांगितलें म्हणजे पुष्कळ घरीं एकच प्रकार घडतो. मूळ नाटक मिटलेलें राहतें. तयार टिपणांतून चार विशेषणें उतरवून घेतलीं जातात, प्रत्येकामागें एकेक वाक्य जोडलें जातें आणि रात्रीच्या जेवणापूर्वीं निबंध तयार होतो. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मधील शायलॉकवरचे असे निबंध मीं शेंकड्यांनीं तपासले आहेत. शायलॉक लोभी, शायलॉक क्रूर, शायलॉक सूडबुद्धीचा, इति. हेंच वर्णन गोष्टींतल्या कोणत्याही सावकारास लावून पाहावें. तें त्यालाही चपखल बसतें, आणि हाच त्याचा दोष होय.

न्यायशास्त्राचा साधा नियम असा कीं, धूर दाखविल्यावांचून पर्वतावर अग्नि आहे असें म्हणतां येत नाहीं. 'शायलॉक लोभी आहे' ही प्रतिज्ञा झाली. हेतु कोठें आहे? तो नाटकांतच शोधावयाचा. नाटकाचे प्रवेश 20. त्यांपैकीं अवघ्या 5 प्रवेशांत शायलॉक रंगभूमीवर येतो. एवढीं पानें एका सायंकाळीं वाचून होतात.

पहिल्याच भेटींत तो अँटोनिओला 3000 डुकाट तीन महिन्यांच्या मुदतीनें देऊं करतो, आणि व्याज मागत नाहीं; थट्टा म्हणून एक पौंड मांसाचा करार मात्र लिहून मागतो. पुढें न्यायसभेंत बसॅनिओ 6000 डुकाट पुढें करतो. शायलॉक नकार देतो. दामदुप्पट नाकारणारा हा कसला लोभी? मुलाला येथें थांबवावें. अँटोनिओ बिनव्याजी पैसे देऊन व्हेनिसमधील व्याजाचा दर उतरवितो ही शायलॉकची तक्रार आहेच, तेव्हां लोभ मुळींच नाहीं असें नव्हे. परंतु त्या दिवशीं त्याला पैका नको होता. मग काय हवें होतें? हा प्रश्न मुलाला पडला कीं निबंधास आरंभ झाला.

उत्तराचा धागा पहिल्या भेटींतच आहे. तूं माझ्यावर थुंकलास, मला कुत्रा म्हणालास आणि आतां पैसे मागावयास आलास, असें शायलॉक तोंडावर ऐकवितो. आणि अँटोनिओ, आपण पुन्हांही तसेंच करूं, असें उत्तर देतो. मुलें हें उत्तर ओलांडून जातात, कारण टिपणांत अँटोनिओ 'उदार' ठरलेला असतो. इंग्लंडमधून यहुदी लोकांना 1290 मध्यें हांकलून दिलें होतें, आणि त्यांना पुन्हां राहूं देण्यास 1656 साल उजाडावें लागलें. नाटक छापलें गेलें 1600 मध्यें. उघडपणें स्वधर्म पाळणारा यहुदी शेजारी पहिल्या प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. पुढें 1814 मध्यें लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत एडमंड कीननें हीच भूमिका दुखावलेल्या माणसाची म्हणून केली, आणि शब्द तेच असतां प्रेक्षकांना निराळा शायलॉक दिसला.

तरी मुलानें शायलॉकचें वकीलपत्र घेऊं नये. न्यायसभेंत तो सुरी परजीत उभा असतो. रक्तस्राव थांबवावयास एखादा शस्त्रवैद्य तरी आणून ठेव, असें पोर्शिया म्हणते, तेव्हां तें करारांत लिहिलें आहे काय, असें तो विचारतो. ही क्रूरता टिपणांतली नव्हे, खरी आहे. अपमान आणि क्रूरता हीं दोन्ही एकाच निबंधांत मावलीं पाहिजेत, आणि कठीण काम तें हेंच.

येथें मला 'मृच्छकटिका'ची आठवण होते. तेथेंही न्यायसभा आहे, परंतु शेवटीं शरण आलेल्या शकाराला चारुदत्त अभय देतो. अँटोनिओची दया शायलॉकला धर्मांतराची अट घालते! दोघांनाही 'उदार' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहावेत.

आजोबांना किंवा काकांना इंग्रजी येत नसलें तरी अडत नाहीं. 'अरे, मग त्यानें सहा हजार कां नाकारले?' एवढें त्यांनीं विचारावें, आणि नातवानें मराठींत सांगावें. मराठींत नीट सांगून झालें कीं त्याचींच लहान लहान इंग्रजी वाक्यें करावीं, आणि प्रत्येक विधानाशेजारीं अंक व प्रवेश लिहावा. शेक्सपिअर हा थोर नाटककार होता, हें पहिलें वाक्य खुशाल खोडावें. शिक्षकांना तें ठाऊक असतें.

पुढचा निबंध बहुधा जेसिकेवर येईल. ती बापाचे दागिने घेऊन पळते. त्यांतील एक अंगठी लीयानें, म्हणजे बहुधा शायलॉकच्या पत्नीनें, तो अविवाहित असतां त्याला दिलेली असते. ती अंगठी मुलीनें एका माकडाच्या मोबदल्यांत दिली, ही बातमी ट्यूबल आणतो. अंगठी कोणाची हें जेसिकेला ठाऊक होतें कीं नाहीं, हें नाटकांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. मुलानें आपलें मत अवश्य द्यावें. मात्र तें आपलें मत आहे, असें स्पष्ट लिहावें.