दुबईतली ब्रिटिश शाळा आणि इयर ९ चा फॉर्म

दुबईच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या ऊद मेथा या भागात तीन जुन्या शाळा एकमेकींच्या शेजारात आहेत. इंडियन हायस्कूल ही संस्था १९६१ ची, दुबई इंग्लिश स्पीकिंग स्कूल १९६३ ची आणि सेंट मेरीज कॅथलिक हायस्कूल १९६८ ची. संयुक्त अरब अमिराती हा देश स्थापन झाला १९७१ मध्ये. म्हणजे देशाच्या आधी शाळा आल्या. पहिली शाळा भारतीय व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या मुलांसाठी होती आणि तिने भारतीय अभ्यासक्रम धरला. दुसरी ब्रिटिश कुटुंबांच्या मुलांसाठी होती. तिसरी जोगिणींनी चालवलेली. तिथे अभ्यासक्रम ब्रिटिश, पण बाकांवर गोव्यातल्या आणि मंगळुरूच्या कॅथलिक घरांतली मुलं आणि इतर अनेक देशांतली मुलं. दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रम केवळ ब्रिटिशांच्या मुलांपुरता राहणार नाही, हे या तिसऱ्या शाळेने साठच्या दशकातच दाखवून दिलं होतं.

आज दुबईत दोनशेहून अधिक खासगी शाळा आहेत आणि त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त विद्यार्थी ब्रिटिश अभ्यासक्रम शिकतात. भारतीय अभ्यासक्रमाचा क्रमांक त्यानंतरचा. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, कोल्हापूरहून तिथे गेलेली मराठी कुटुंबं या दोन्हींकडे आहेत. पहिली काही वर्षं बहुतेक जण सीबीएसईला चिकटून राहतात. मग पगार वाढतो, कंपनीकडून शिक्षणभत्ता मिळू लागतो आणि एखाद्या जुमेरा किंवा अल बरशाकडच्या शाळेची मोठी हिरवळ, पोहण्याचा तलाव, वर्गातली कमी मुलं मनात भरतात. प्रवेश घेताना सगळी चर्चा फी, बस आणि गणवेश यांभोवती फिरते. खरा निर्णय पुढे काही वर्षांनी समोर येतो आणि त्याची तयारी फार थोड्या घरांत झालेली असते. मला या लेखात मुख्यतः त्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याआधी ही शाळा चालते कशी, ते पाहू. इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम १९८८ च्या कायद्याने आला. त्याच वर्षी केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने इंग्लंडबाहेरच्या शाळांसाठी आयजीसीएसई ही परीक्षा सुरू केली. त्यामुळे दुबईतल्या शाळेत वर्गाची रचना इंग्लंडची असते, सोळाव्या आणि अठराव्या वर्षीच्या परीक्षेचे पेपर केंब्रिज, पिअर्सन एडेक्सेल यांसारख्या इंग्लंडमधल्या मंडळांकडून येतात आणि शाळा चालवण्याची परवानगी, फीवाढीची मर्यादा, तपासणी हे सगळं दुबई सरकारच्या केएचडीए या यंत्रणेकडे असतं. अरबी भाषा शिकवावीच लागते. मुस्लिम विद्यार्थ्यांना इस्लामी शिक्षण सक्तीचं. पाटी कितीही ब्रिटिश असली तरी शाळेला धाक असतो तो स्थानिक सरकारचा, आणि तो असतो हे चांगलंच आहे.

या धाकाचा पालकांना मिळणारा फायदा म्हणजे तपासणी अहवाल. २००८ पासून दुबईत तपासनीस शाळाशाळांत जाऊन वर्गांत बसले, वह्या पाहिल्या, मुलांशी बोलले आणि त्यांचे अहवाल कुणालाही वाचता येतील असे खुले ठेवले गेले. ‘उत्कृष्ट’, ‘फार चांगली’, ‘चांगली’, ‘स्वीकारार्ह’ अशी श्रेणी त्यावर असते आणि पालक तेवढंच पाहून अहवाल मिटतात. पण अहवालाच्या सुरुवातीलाच एक छोटी चौकट असते. शिक्षक किती, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, सर्वांत मोठा विद्यार्थीगट कोणत्या राष्ट्रीयत्वाचा आणि वर्षभरात किती टक्के शिक्षक शाळा सोडून गेले. हा शेवटचा आकडा मला श्रेणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनहून येणारे शिक्षक बऱ्याचदा दोन वर्षांच्या करारावर येतात. परीक्षेच्या ऐन वर्षात रसायनशास्त्राचे शिक्षक बदलले तर हिरवळ आणि तलाव कामाला येत नाहीत. काही ब्रिटिश शाळांच्या चौकटीत सर्वांत मोठा गट म्हणून ‘भारतीय’ असं छापलेलं असतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

स्थानिक अमिराती कुटुंबांचं काय? दुबईतली निम्म्याहून अधिक अमिराती मुलं खासगी शाळांत जातात आणि त्यांतली बरीच ब्रिटिश शाळांत. त्यांच्या आईवडिलांना इंग्लिश हवं आहे, लंडनची विद्यापीठं हवी आहेत आणि त्याच वेळी मुलगा घरी आजोबांशी नीट अरबीत बोलत नाही याची बोचही आहे. तपासणी अहवालांत इंग्लिश, गणित, विज्ञान पुढे आणि अरबी मागे, हे चित्र वर्षानुवर्षं दिसतं. सरकार त्यावर शाळांना जाब विचारतं, अरबीचे तास वाढवतं, अगदी बालवर्गापर्यंत अरबी नेतं. ज्यांची भाषा ही राजभाषा आहे त्यांची ही अवस्था. आपल्या मराठी मुलाच्या वेळापत्रकात इंग्लिश असतं, अरबी असते, पुढे फ्रेंच किंवा स्पॅनिश येते. मराठीला तिथे जागा नाही आणि तिची चौकशी करायला कुणी तपासनीसही येत नाही. घरात मराठी वाचली गेली तरच ती येते. मराठी ‘आपोआप कानावर पडते’ म्हणून येईल, ही आशा मला फार भाबडी वाटते.

आता त्या निर्णयाकडे वळतो. ब्रिटिश पद्धतीत इयत्तेचा आकडा आपल्यापेक्षा एकने पुढे असतो. इयर ११ म्हणजे आपली दहावी, इयर १३ म्हणजे बारावी. त्यामुळे इयर ९ मधला मुलगा म्हणजे आपल्याकडचा आठवीतला. त्या वर्षाच्या मधल्या सत्रात केव्हातरी शाळा एक संध्याकाळ पालकांना बोलावते आणि विषयनिवडीचा फॉर्म हातात देते. इंग्लिश, गणित, विज्ञान पक्कं. बाकी इतिहास की भूगोल, अर्थशास्त्र की संगणक, कला की संगीत, हे चौकोनांत खुणा करून ठरवायचं. विज्ञानातही तिन्ही शाखा स्वतंत्र घ्यायच्या की एकत्र, हे तिथेच ठरतं. इयर ११ नंतर ही निवड आणखी अरुंद होते. ए लेव्हलला, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेला, विषय तीन, फार तर चार.

‘सायन्स घे, सगळी दारं उघडी राहतात’ या वाक्यावर वाढलेल्या आपल्या पालकांना ही गोष्ट पटकन पचत नाही. एक उदाहरण घेऊ. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. ती ए लेव्हलला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेते. इंग्लंडमधल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ही निवड उत्तम. पण भारतात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला भौतिकशास्त्र लागतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नियम सैल केला आणि राहिलेला विषय बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून देण्याची मुभा दिली, हे खरं. तरी नीटच्या पेपरातलं भौतिकशास्त्र तिला शून्यातून शिकावं लागतंच. इंजिनीअरिंगचंही तसंच. इंग्लंडसाठी गणित, उच्च गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं की झालं, पण भारतातल्या प्रवेशासाठीच्या जेईई मेनच्या पेपरातला एक तृतीयांश भाग रसायनशास्त्राचा. आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत डासा योजनेखाली वेगळी सोय आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीतही आहे, पण तीही जेईई मेनच्याच गुणांवर.

वेळापत्रकही आडवं येतं. ए लेव्हलच्या परीक्षा मे-जूनमध्ये आणि नीट सहसा मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मुलगी एका सोमवारी ए लेव्हलचा दीर्घ उत्तरांचा पेपर लिहिणार आणि आदल्या रविवारी १८० बहुपर्यायी प्रश्न सोडवणार. ए लेव्हलचा निकाल लागतो ऑगस्टच्या मध्यावर, तोवर आपल्याकडच्या प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असतात. भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचा दाखला मिळवणं हे आणखी एक काम.

हे सगळं सांगतो आहे ते ब्रिटिश अभ्यासक्रम वाईट म्हणून नव्हे. मला तो आवडतो. केंब्रिजच्या आयजीसीएसईत विज्ञानाला प्रात्यक्षिकाऐवजी देता येणारा एक लेखी पेपर असतो. त्यात मुलाला एखादा न पाहिलेला प्रयोग दिला जातो, आकृतीवरून मोजमाप घ्यायला लावतात आणि शेवटी विचारतात, तापमानाचा अमुक क्रियेवर काय परिणाम होतो हे तू कसं तपासशील? काय बदलशील, काय कायम ठेवशील, किती वेळा मोजशील? पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. आपल्या दहावीच्या मुलांना असा एक तरी पेपर मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पण ही शाळा मुलाला ज्या दिशेला तयार करते ती दिशा बहुधा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा दुबईतच उघडलेली परदेशी विद्यापीठं यांची असते. तिथे पदवीचा खर्च पेलणार असेल तर प्रश्न नाही. आखातातली नोकरी मात्र व्हिसाला बांधलेली आणि फी पुढल्या तारखांच्या चेकवर. नोकरी गेली की घर, गाडी आणि शाळा एकदमच सोडावी लागू शकते.

म्हणून इयर ९ चा तो फॉर्म येईल त्याच्या आधी घरात बसून एकदा स्पष्ट बोलावं. परत यायचं की नाही? सीबीएसई मंडळाची नोंदणी नववीत होते. इयर ९ संपवून आलेलं मूल महाराष्ट्रातल्या नववीत सहज बसतं. इयर १० च्या मध्यावर आलेल्या मुलाचं तसं नाही. त्याचं एक मंडळ अर्धवट सुटलेलं आणि दुसऱ्याची नोंदणी होऊन गेलेली. राहायचं ठरलं तर तिन्ही विज्ञान विषय स्वतंत्र घेता येतील का, ए लेव्हलला चौथा विषय शाळा देते का, हे त्या संध्याकाळी विचारून घ्यावं. आणि शाळेला थेट विचारावं की गेल्या वर्षी इयर १३ मधून भारतात किती मुलं गेली आणि कोणत्या अभ्यासक्रमांना. अनुभवी समुपदेशक असलेली शाळा याचं उत्तर यादी काढून देते.

हे प्रश्न आता दुबईपुरतेही उरलेले नाहीत. वेलिंग्टन कॉलेज या इंग्लंडमधल्या जुन्या शाळेची शाखा २०२३ मध्ये पुण्यात उघडली आणि आयजीसीएसई, ए लेव्हल देणाऱ्या शाळा मुंबई-पुण्यात कितीतरी आहेत. तिथल्या मुलाला व्हिसाची धास्ती नाही. विषयनिवडीचा फॉर्म मात्र त्याच वयात येतो, चौकोनही तेच असतात आणि नीट, जेईईची तारीखही तीच.