मानांकनाचा धाक

जगज्जेत्याने कमी मानांकनाच्या खेळाडूकडून हरता कामा नये, असा नियम बुद्धिबळाच्या कोणत्याही संहितेत नाही. तो प्रेक्षकांनी परस्पर करून टाकला आहे. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याच गोव्यात, हडफडे येथे भरलेल्या विश्वचषक स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत अग्रमानांकित डी. गुकेश जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून पराभूत झाला आणि 'धक्कादायक', 'सनसनाटी' या विशेषणांची खैरात झाली. पहिला डाव बरोबरीत सुटला होता. दुसरा गेला आणि एकोणीस वर्षांचा जगज्जेता स्पर्धेबाहेर पडला.

यात आक्रीत ते काय घडले? हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक आर्पाद एलो यांची गुणांकनपद्धती जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. ती कोणाच्या कपाळी शिक्का मारीत नाही, केवळ अपेक्षा सांगते. दोघांत शंभर गुणांचे अंतर असेल, तर शंभर डावांत वरच्याने सुमारे ६४ गुण मिळवावेत, एवढेच. उरलेले ३६, बरोबऱ्या धरून, खालच्याचे. गुकेश आणि स्वाने यांच्यातील अंतर शंभराहून थोडेसेच अधिक होते! त्याच वर्षी जुलैत बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने आपल्याहून वरच्या कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण पेढे वाटले. हंपीला कोणी बोल लावला नाही. ते योग्यच झाले. मग गुकेशलाच वेगळा न्याय का?

आमची खरी चिंता मात्र लहान मुलांविषयी आहे. स्पर्धेत जोड्यांची यादी लागली की दहा-बारा वर्षांची मुले प्रतिस्पर्ध्याचे गुण आधी पाहतात, नाव मागाहून. तो वरचा असला तर पहिले प्यादे हलण्यापूर्वीच मन खचते. खालचा असला तर भीती अधिक, कारण त्याच्याकडून हरल्यास गुणही जास्त कापले जातात आणि दाराशी पालक हिशेब मांडून उभे असतात. हत्तींच्या अंतिम डावात कोठे चुकले, असे विचारणारा पालक विरळा.

तालुका संघटनांनी निदान बालगटात तरी यादीतील मानांकनाचा रकाना काढून पाहावा. जोड्या लावण्यासाठी पंचांना ते आकडे लागतात. ते त्यांच्या टेबलावर खुशाल असू द्यावेत.