‘ज्ञा’ ही ‘नो’ची आई नव्हे, बहीण

गैरसमज: ‘जाणणे’ या अर्थाचा इंग्रजी ‘नो’ संस्कृत ‘ज्ञा’वरून आला, त्यातला मुका ‘के’ हाच पुरावा. अकोल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपासून अमरावतीच्या व्याख्यानांपर्यंत हे ऐकून कान किटले.

वस्तुस्थिती: जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘क्नावन’ होतं. त्यातला ‘क’ खणखणीत उच्चारला जाई; सतराव्या शतकाच्या सुमारास तो मुका झाला, स्पेलिंगमध्ये मात्र राहिला. त्यामागे आद्य-जर्मानिक *क्ने- आहे. ग्रीकमध्ये ‘गिग्नोस्को’, जुन्या लॅटिनमध्ये ‘ग्नोस्को’. म्हणजे मूळ ध्वनी ‘ग’च्या जातीचा. जर्मानिक भाषांनी त्याचा नेमाने ‘क’ केला. हा नियम भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला. संस्कृतने त्याचाच ‘ज’ केला. गुडघा घ्या: संस्कृत ‘जानु’, लॅटिन ‘गेनू’, ग्रीक ‘गोनू’, इंग्रजी ‘नी’. तिथेही तोच मुका ‘के’!

नेम म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला शिकवायला नको. काळा-काया, डोळा-डोया, शाळा-शाया: ‘ळ’ गेला की सगळीकडून जातो. पण नुसतं ‘काया’ ऐकून काळा की शरीर, हे सांगता येईल? ‘ज’चंही तेच: संस्कृतच्या ‘ज’त एकाहून अधिक जुने ध्वनी मिसळले आहेत. संस्कृत आई असती तर कोणत्या ‘ज’चा ‘ग’ करायचा, हे ग्रीकांना कोणी सांगितलं? या भाषांचा उगम एक असावा आणि तो कदाचित आज उरला नसावा, असं भाषाभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्येच कलकत्त्यात सांगितलं होतं. आपण अजून तिथेच अडलोय.

आणखी काही:

- *‘वरच्या *क्ने-सारखं तारांकित रूप म्हणजे अंदाजपंचे.’* नाही. लिखित नोंद नाही, बहीणभाषा ताडून रूप काढलं आहे, एवढाच त्या ताऱ्याचा अर्थ.
- *‘उच्चार आणि अर्थ जुळले की नातं.’* फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचं काही नातं नाही.
- *‘इंग्रजीने मराठीकडून काहीच घेतलं नाही.’* त्यांचा ‘मंगूस’ म्हणजे आपलं मुंगूस.
- *‘वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी.’* मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झालं, ते वऱ्हाडातल्या अमरावती जिल्ह्यातच आहे.

‘ज्ञा’चा खरा वंश घरातच आहे: संस्कृत ‘जानाति’, प्राकृत ‘जाणइ’, मराठी ‘जाणणे’. तेव्हा पुढचा संदेश ढकलण्याआधी दोनच गोष्टी विचारा: शब्दाची जुनी रूपं कोणती, आणि तोच बदल आणखी चार शब्दांत दिसतो का? उत्तर नसेल तर खुशाल पुसून टाका.