मार्ग आणि मुक्काम

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागले की तासाभरात अभनपूर येते. छत्तीसगडच्या सपाट भातशेतीच्या मुलखातील हे तालुक्याचे ठिकाण. पाहण्यासारखे काही आहे म्हणून मुद्दाम येथे येणारा प्रवासी विरळाच. पण ज्यांना अन्यत्र जावयाचे आहे अशी असंख्य माणसे येथून जातात. एक वाट धमतरीवरून बस्तरकडे उतरते, दुसरी पूर्वेस वळून महानदीकाठच्या राजिमला आणि पुढे गरियाबंदच्या अरण्याकडे जाते. रायपूर ते विशाखापट्टणम या नव्या सहापदरी महामार्गाची आखणीही अभनपुराजवळूनच निघते. वाटांचा असा सांधा असणे हे गावाचे भाग्य मानले जाते. परंतु ज्या गावावरून सारे जातात आणि जेथे कोणी थांबत नाही, त्या गावाला वाटेचा उपयोग किती, हा प्रश्न पर्यटनमार्गांच्या सरकारी योजनांमुळे अलीकडे नव्याने उभा राहिला आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. आणि १९५६ पर्यंत रायपूरचे सरकारी कागद नागपूर या राजधानीकडेच जात.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१४-१५ साली ‘स्वदेश दर्शन’ या नावाची योजना हाती घेतली. बौद्ध, रामायण, कृष्ण, सूफी, तीर्थंकर, सागरकिनारा, वाळवंट, हिमालय, वन्यजीव, आदिवासी, ग्रामीण इत्यादी १५ सूत्रे ठरली आणि त्या सूत्रांत ओवलेल्या ७६ प्रकल्पांना देशभर मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील शिरोडा, तारकर्ली, मिठबाव, विजयदुर्ग ही स्थळे सागरी सूत्रात आली, तर छत्तीसगडच्या वाट्याला आदिवासी सूत्र आले आणि जशपूरपासून थेट बस्तरातील चित्रकोट व तीरथगढ या धबधब्यांपर्यंतची ठिकाणे त्यात गुंफली गेली.

या कल्पनेच्या मुळाशी असलेला हिशेब साधा आहे. एकटे देऊळ किंवा एकटा धबधबा प्रवाशाला अर्धा दिवस धरून ठेवतो. तीच पाच-सहा स्थळे एका कथेने बांधली, तर एक पाहिल्यावर दुसरे पाहण्याची ओढ लागते. अर्ध्या दिवसाचे चार दिवस होतात. चार दिवस राहणारा माणूस चार रात्री कोठेतरी झोपतो, दहा-बारा वेळा जेवतो, गाडीवाल्याला आणि वाटाड्याला पैसे देतो, परतताना घरच्यांसाठी काही विकत घेतो. हा पैसा वाटेवरच्या खेड्यांत झिरपावा, अशी अपेक्षा असते. हिशेबात चूक नाही. मात्र त्याचा सारा भार एका गृहीतावर आहे: प्रवासी वाटेत रात्री राहील, हे ते गृहीत होय.

छत्तीसगड राज्याने पुढे ‘रामवनगमन पर्यटन परिपथ’ स्वतःच्या बळावर आखला. वनवासात श्रीराम ज्या ज्या ठिकाणी आले असे लोक मानतात, अशी ७५ स्थळे निवडण्यात आली आणि पहिल्या टप्प्यात ९ स्थळांचे काम सुमारे १३७ कोटी रुपये खर्चून करावयाचे ठरले. उत्तरेस सीतामढी-हरचौका, मग सरगुजातील रामगढ, पुढे शिवरीनारायण, तुरतुरिया, चंदखुरी, राजिम, सिहावा, जगदलपूर आणि दक्षिण टोकाला सुकमा जिल्ह्यातील रामाराम. चंदखुरी हे कौसल्येचे माहेर मानले जाते. तेथील तळ्यातल्या कौसल्यामंदिराच्या परिसराचे लोकार्पण ७ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि श्रीरामाची ५१ फुटी मूर्ती उभी राहिली. या यादीतील रामगढाचे नाव मराठी वाचकाला एक जुना वाद आठवून देईल. मेघदूतातील रामगिरी कोणता, नागपूरजवळचे रामटेक की सरगुजातील रामगढ? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष हिरिरीने मांडला होता. सरगुजातील लोकांना तो अर्थातच मान्य नाही. एकाच कथेवर दोन गावांनी हक्क सांगावा, हेही यात्रेच्या अर्थकारणाला धरूनच आहे.

या नऊ स्थळांपैकी राजिम अभनपुरापासून अवघ्या १७ किलोमीटरांवर आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्या येथे मिळतात आणि संगमाच्या वाळूत उंच जोत्यावर कुलेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे. पावसाळ्यात चोहीकडून पाणी येते, देऊळ तसेच राहते. तेथील शिवलिंग सीतेने वाळूचे घडविले, अशी श्रद्धा आहे. काठावरचे राजीवलोचन हे विष्णूचे देऊळ इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या भिंतीवर जगपाल नावाच्या एका सरदाराचा शिलालेख आहे. मिराशींनी कलचुरि लेखांच्या संग्रहात संपादिलेल्या लेखांपैकी तो एक असून त्याचा काळ कलचुरि संवत ८९६, म्हणजे इसवी सन ११४५ असा येतो. जगपालाने रामाचे देऊळ बांधले आणि देवाच्या नैवेद्यासाठी एक गाव लावून दिले, असे त्यात नोंदले आहे. म्हणजे राजिमशी रामाचे नाते जोडताना सरकारने काही नवे रचले नाही. ते नाते जवळजवळ नऊशे वर्षांचे आहे. आणि देवळाबरोबर त्याच्या रोजच्या खर्चाची तरतूद करण्याची व्यवहारबुद्धी त्या बाराव्या शतकातल्या सरदाराजवळ होती, हेही नजरेआड करण्यासारखे नाही.

राजिम हे नावसुद्धा लोककथेप्रमाणे एका तेलिणीचे. नदीकाठी सापडलेल्या शिळेवर तिने तेलाचे भांडे ठेवले आणि ते रिते होईना. ती शिळा म्हणजे देवाची मूर्ती होती. देवळांच्या आवारात या तेलिणीचेही देऊळ आहे. तीर्थाला राजाचे किंवा ऋषीचे नाव न मिळता डोक्यावरून तेल विकणाऱ्या बाईचे मिळावे, हे क्वचितच घडते.

येथून काही कोसांवर, महानदीच्या अलीकडे, चंपारण आहे. पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांचा जन्म १४७९ साली येथे झाला. काशीवर संकट येणार अशा वार्तेने त्यांचे आईवडील दक्षिणेकडे निघाले होते; वाटेतल्या अरण्यात आठव्या महिन्यातच मूल जन्मले, ते निष्प्राण समजून शमीवृक्षाखाली ठेवले गेले आणि नंतर अग्नीच्या वलयात खेळताना आढळले, अशी सांप्रदायिक कथा आहे. उत्तरेकडील गणनेने वैशाख वद्य एकादशीला, म्हणजे आपल्या पंचांगातील चैत्र वद्य एकादशीला, येथे उत्सव होतो आणि गुजरातेतून, मुंबईतून वैष्णव लोटतात. वल्लभाचार्यांनी देशभर पायी प्रवास केला. जेथे जेथे त्यांनी भागवताचे पारायण केले ती स्थाने ‘बैठक’ म्हणून पूज्य झाली. अशा बैठका ८४ आहेत आणि त्यांतील एक आपल्या पंढरपुरासही आहे. एका सूत्रात ओवलेला हा पर्यटनमार्गच की! तो कोणत्याही खात्याने आखला नाही. त्यात वैष्णव धर्मशाळेत उतरतो, सेवेला बसतो, प्रसाद घेतो. निघण्याची त्याला घाई नसते. पुष्टिमार्गी सेवेला दूध, लोणी, फुले, भाजी रोज लागते आणि ती आसपासच्या खेड्यांतूनच यावी लागते.

पण रामकथेच्या पहिल्या नऊ स्थळांत चंपारणाला जागा नाही, कारण त्याची कथा निराळी. सूत्र धरून आखलेल्या योजनेचा हा अंगभूत दोष म्हटला पाहिजे. सूत्र शेकडो कोसांवरील दोन गावे जोडते आणि शेजारची दोन गावे तोडते. सीतामढीला गेलेला प्रवासी रामारामला जाईलच असे नाही. राजिमला आलेला प्रवासी चंपारणला मात्र सहज जाऊ शकतो, त्याला कोणी सांगितले तर.

लोकांनी हा प्रश्न पूर्वीच सोडविलेला होता. राजिमची पंचकोशी यात्रा प्रसिद्ध आहे. कुलेश्वराला मध्यभागी धरून पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर आणि कोपरा या पाच गावांतील महादेवांची पायी प्रदक्षिणा घालावयाची, अशी ती रीत. आज ही स्थळे एकाहून अधिक जिल्ह्यांत विभागली आहेत. यात्रेकरूला त्याचे सोयरसुतक नाही. डोक्यावर शिधा आणि भांडी यांचे गाठोडे घेऊन माणसे निघतात, दर टप्प्यावर उतरतात, चूल मांडतात, भजने होतात, सकाळी पुढे निघतात. ज्या महादेवाचा संबंध पुष्टिमार्गाशी नाही आणि रामकथेशीही नाही, त्याच्या दारात एक रात्र काढल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. येथे मुक्काम हा यात्रेचा नियम आहे, सोय नव्हे.

महाराष्ट्राला हे निराळे समजावून द्यावयास नको. आळंदीहून निघालेल्या पालखीला सासवड, वाल्हे, लोणंद ही गावे लाभली ती मुक्कामाची गावे म्हणून. त्या त्या गावाला वारीचा दिवस ठाऊक असतो आणि गाव त्या दिवसाची तयारी आधीपासून करते. उलट उदाहरणही घरचेच आहे. अष्टविनायकाचे आठ गणपती एकेकाळी कित्येक दिवसांची यात्रा होती. मोटारी आल्या, रस्ते झाले, आता ती दीड-दोन दिवसांत उरकते. पुष्कळशा गावांच्या वाट्याला हार, नारळ आणि चहा यांपलीकडे फारसे काही येत नाही. तारकर्ली-मालवणकडे घरगुती निवास आणि न्याहारीची सोय रुजली, तेथे चित्र वेगळे दिसते. पाहुणा घरातच उतरला म्हणजे मासळी, तांदूळ, धुणे, होडी या सगळ्यांचा पैसा त्याच आळीत फिरतो.

रायपूर ते राजिम हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरांचे. रायपूरचा माणूस सकाळी निघतो, देवदर्शन करतो, संगमावरच्या झुलत्या पुलावर उभा राहून नदी पाहतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. त्याचा पेट्रोलचा पैसा राज्याबाहेर जातो. रस्ता रुंद झाला की तो अधिक लवकर परततो. रस्ते करू नयेत असे यावरून कोणी म्हणणार नाही. शेतकऱ्याला, रुग्णाला, विद्यार्थ्याला रस्ता हवाच आहे. परंतु कमान, मूर्ती आणि वाहनतळ यांनी प्रवासी थांबतो हा समज मात्र भाबडा आहे. प्रवासी थांबतो तो संध्याकाळी काही घडणार असेल, सकाळी काही पाहावयाचे असेल आणि मधल्या रात्री स्वच्छ अंथरूण मिळणार असेल तर. ठेठरी, खुरमी, फरा, चिला हे छत्तीसगडी पदार्थ रायपूरच्या संग्रहालयाच्या आवारातील ‘गढकलेवा’ या उपाहारगृहात मिळतात. अभनपुराच्या चौकातही ते तितक्याच सहज मिळावयास हवेत, कारण ते ज्या घरांत होतात ती घरे येथलीच आहेत.

सूत्रे बदलतातही. राजिमच्या माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत भरणाऱ्या जत्रेला २००५ पासून ‘कुंभ’ म्हणू लागले, २०१९ मध्ये ती ‘माघी पुन्नी मेळा’ झाली आणि २०२४ मध्ये ‘कुंभ कल्प’. राज्यात सत्ताबदल झाल्यावर रामपरिपथाबरोबर पाच शक्तिपीठे जोडण्याचा नवा विचार पुढे आला. केंद्राच्या योजनेबाबत २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने असा ठपका ठेवला, की ती आखण्यापूर्वी व्यवहार्यतेचा अभ्यासच झालेला नव्हता. तोवर स्वदेश दर्शनाची दुसरी आवृत्ती सुरूही झाली होती आणि तिने मार्गाऐवजी एकेका स्थळावर भर दिला आहे. हे वळण योग्य दिशेचे आहे. छत्तीसगडने २०२५ मध्ये घरगुती निवासाचे धोरणही मंजूर केले. त्याचा रोख मुख्यतः बस्तर आणि सरगुजा यांवर आहे. मधल्या भातशेतीच्या पट्ट्यात, जेथे अरण्य नाही आणि धबधबा नाही, तेथे ते कितपत पोहोचते हे पाहावे लागेल. पटेव्यात किंवा चंपारणात दोन-दोन खोल्या भाड्याने देणारी वीस घरे निघाली, तर त्याला मोठ्या भांडवलाची गरज नाही. नोंदणी, पाणी, शौचकूप आणि थोडे शिक्षण पुरे.

अभनपुरास रेल्वेही जुनी आहे. ब्रिटिश काळात बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी आणली आणि अभनपुराहून राजिमला तिचा फाटा काढला. जंगलातील लाकूड आणि मैदानातील तांदूळ ती वाहून नेई. जत्रेच्या दिवसांत माणसे तिच्यात दाटीवाटीने बसत. गाडी इतकी संथ, की सकाळी निघालेला यात्रेकरू त्याच दिवशी परत येण्याचा विचार क्वचितच करी. ते छोटे रूळ गेले, रुंद रूळ आले. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर ही नवी विजेची गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती राजिमपर्यंत जाऊ लागली. माघातल्या जत्रेला येणाऱ्या गरीब माणसाला तिच्याइतके स्वस्त वाहन दुसरे नाही. परतीची गाडी गाठण्यासाठी मात्र त्याला संगमावरची आरती अर्धी सोडून फलाटाकडे निघावे लागणार की काय, हे तिचे वेळापत्रक ठरवील.